कमी पॉवरच्या एफएम केंद्रासाठी अँटेना कसा निवडावा?

सांजलहर
नमस्कार मंडळी. आमच्या गटाला छोट्या एफएम केंद्राचा परवाना मिळाला आहे, फ्रिक्वेन्सी ९८.२ मेगाहर्ट्झ. ट्रान्समीटर ५० वॅटचा आहे. परवान्यात ईआरपीची (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रभावी पॉवरची) मर्यादा १०० वॅट लिहिली आहे. इमारतीच्या गच्चीवर लोखंडी नळीचा खांब उभा आहे, त्याचं टोक जमिनीपासून २४ मीटरवर येतं. ट्रान्समीटरच्या खोलीपासून टोकापर्यंत केबल साधारण ४० मीटर लागेल.

अँटेना कोणता घ्यायचा यावर आम्ही तीन आठवडे अडलोय. समोर तीन पर्याय आहेत. साधा उभा डायपोल (दोन दांड्यांचा अँटेना), एक बेचा सर्क्युलर (उभी आणि आडवी अशी दोन्ही लहर फेकणारा), आणि चार बेचा, म्हणजे एकावर एक चार अँटेना रचलेला, मोठा अँटेना. तिसऱ्याच्या कागदावर 'गेन ६ डेसिबल' (गेन म्हणजे अँटेना सिग्नलला किती जोर देतो ते) असं ठळक छापलंय आणि विकणाऱ्यांचा सगळा जोर त्यावरच आहे. गटातले निम्मे लोक म्हणतात मोठाच घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. मला मात्र ते पटत नाहीये आणि का पटत नाहीये हे नीट सांगताही येत नाहीये. जाणकारांनी कृपया लिहावं. अगदी मुळापासून लिहिलंत तरी चालेल.

शून्य डेसिबल
सर्क्युलर घ्या, विचार करू नका. सगळी मोठी केंद्रं तेच वापरतात. श्रोत्याचा अँटेना उभा असो की आडवा, दोन्हींना सिग्नल मिळतो. उभ्या लहरीसमोर आडवा अँटेना धरला तर कागदावर काहीच मिळत नाही, प्रत्यक्षात २० डेसिबलच्या आसपास फटका बसतो, म्हणजे शंभरावा हिस्सा उरतो. सर्क्युलरमध्ये हा प्रश्नच संपतो.

जुना ट्रान्झिस्टर
सांजलहर, मुळापासून म्हणालात म्हणून लांब लिहितोय.

अँटेना निवडण्याआधी एक कागद घ्या आणि तुमचे श्रोते कुठे बसून, कशावर ऐकणार ते लिहा. गाडीतला अँटेना बहुतेक उभा असतो. मोबाइलवर ऐकणाऱ्याचा अँटेना म्हणजे इयरफोनची वायर, ती गळ्यातून खाली लोंबते, म्हणजे तीही बरीचशी उभीच. टेबलावरच्या सेटची दांडी मात्र माणूस वाटेल तशी वाकवतो. घराच्या छपरावर आडवे अँटेना लावून एफएम ऐकणारे आता फार उरले नाहीत. हे एकदा कळलं की पोलरायझेशनचा, म्हणजे लहर उभी की आडवी याचा, निम्मा वाद मिटतो.

आता हिशेब. श्रोत्यापर्यंत जाते ती ईआरपी, ट्रान्समीटरच्या मीटरवर दिसते ती पॉवर नव्हे. ५० वॅटमधून आधी केबल आपला वाटा खाते, उरलेल्याला अँटेनाच्या गेनने गुणायचं. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला आरजी-५८ ही बारीक केबल साधारण १६ डेसिबल खाते (३ डेसिबल गेले की पॉवर निम्मी), आरजी-२१३ सहा-सात डेसिबल, आणि अर्धा इंची फोमची जाड केबल २.२ डेसिबलच्या जवळपास. तुमच्या ४० मीटरला याचा अर्थ असा : आरजी-५८ टाकलीत तर वर ११-१२ वॅट पोचतील. आरजी-२१३ टाकलीत तर २७. अर्धा इंची टाकलीत तर ४०. अँटेना तोच, ट्रान्समीटर तोच, आणि फरक साडेतीन पट! म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की अँटेनासाठी ठेवलेल्या पैशांतले आधी केबलसाठी बाजूला काढा. लोक नेमकं उलट करतात आणि मग ट्रान्समीटर कमजोर म्हणून रडतात.

अर्धा इंची धरून पुढे जाऊ. उभा डायपोल म्हणजे गेन एक, ईआरपी ४० वॅट. एक बेचा सर्क्युलर आपली पॉवर उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रतलांत वाटतो, त्यामुळे प्रत्येक प्रतलात त्याचा गेन अर्ध्यापेक्षा थोडा कमी, ०.४६ च्या आसपास असतो. म्हणजे उभ्यात १८-१९ वॅट आणि आडव्यात तेवढेच. शून्य डेसिबल म्हणतात त्यात चूक काही नाही, पण हा वाटा फुकट मिळत नाही. मोठ्या केंद्रांकडे पॉवर हवी तेवढी असते आणि बऱ्याच ठिकाणी परवान्याची मर्यादा प्रत्येक प्रतलाला वेगळी मोजतात, म्हणून त्यांना सर्क्युलर परवडतो. तुमचं बंधन परवान्याचं नाही, ट्रान्समीटरचं आहे.

चार बेचं नंतर लिहितो. आधी ते '६ डेसिबल' कशाच्या तुलनेत ते विचारा.

सांजलहर
काका, खूप आभार. केबलचं गणित आज गटात वाचून दाखवलं, सगळे गप्प झाले. आम्ही आरजी-२१३ घेणार होतो.

श्रोत्यांचा कागद केला. बहुतेक जण मोबाइल आणि इयरफोनवर ऐकतात, मग गाडीत, मग घरातले छोटे सेट. वस्त्या तीन बाजूंना आठ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. चौथ्या बाजूला उंच कडा आहे, तिकडे वस्ती नाही. 'कशाच्या तुलनेत' म्हणजे काय ते समजलं नाही.

पारवा
वाचनखूण साठवली. काका, लिहीत राहा.

जुना ट्रान्झिस्टर
गेन हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत सांगतात. एक तुलना डायपोलशी, दुसरी सर्व दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी. दुसऱ्या मोजपट्टीवर साधा डायपोलच २.१५ डेसिबलचा निघतो. त्यामुळे कागदावरचे ६ डेसिबल डायपोलच्या तुलनेत असतील तर चौपट, आणि काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत असतील तर डायपोलच्या जेमतेम २.४ पट. तुमच्या ४० वॅटचे पहिल्या हिशेबात १६० होतात, म्हणजे परवाना मोडला, ट्रान्समीटर ३० वॅटवर आणावा लागेल. दुसऱ्या हिशेबात ९७ होतात. एकच आकडा आणि दोन अर्थ. ज्या कागदावर कोणती मोजपट्टी ते लिहिलेलं नाही, त्या कागदावर विश्वास ठेवू नका.

चार बे म्हणजे पॉवर नव्याने तयार होत नाही. वर आणि खाली वाया जाणारी लहर दाबून क्षितिजाकडे वळवलेली असते. लोक घाबरवतात की असा अँटेना डोक्यावरून फेकतो, पायथ्याशी ऐकू येत नाही. ते खरं कधी आणि खोटं कधी ते पाहा. चार बे एकेका तरंगलांबीच्या अंतरावर असतील तर पहिली पोकळी, म्हणजे जिकडे सिग्नल जवळपास जातच नाही ती दिशा, क्षितिजाखाली साधारण साडेचौदा अंशांवर येते. तुमच्या २४ मीटर उंचीवरून ती रेघ ९० मीटरवरच जमिनीला टेकते. तिथे सिग्नल इतका दांडगा असतो की पोकळीनेही फरक पडत नाही. पण हाच अँटेना वस्तीपेक्षा ३०० मीटर उंच टेकडीवर नेलात तर तीच पोकळी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर पडते, आणि नेमकं पायथ्याचं गाव खरखर ऐकत बसतं. दोन बे असतील तर पोकळी ३० अंशांवर जाते, टेकडीवरूनही ती ५०० मीटरच्या आसपास आटपते. तेव्हा उंच जागी कमी बे घ्या, बुटक्या जागी बे वाढवले तरी चालतील.

आणखी एक गोष्ट राहिली. सर्क्युलर बे पूर्ण तरंगलांबीच्या अंतरावर रचले की सरळ खाली, पायथ्याशीही लहरी एकमेकींत मिसळून जोरात उतरतात. खाली स्टुडिओ असेल तर ती लहर मिक्सरमध्ये शिरून घरघर करते. त्यासाठी अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावरचे बे मिळतात, गेन थोडा घटतो. उभ्या डायपोलला हा त्रास जवळपास नाही, कारण तो आपल्या टोकाच्या दिशेने काही फेकतच नाही.

शून्य डेसिबल
काका, इमारतींच्या गर्दीत मात्र सर्क्युलरचा फायदा खरोखर दिसतो. भिंतींवरून आपटून आलेल्या लहरींमुळे एका जागी उभा घटक बुडतो तेव्हा आडवा शाबूत असतो. दोन्ही एकाच जागी बुडणं कमी होतं. मी हे गाडीत फिरून अनुभवलंय.

जुना ट्रान्झिस्टर
मान्य. दाट शहर असतं आणि ट्रान्समीटर ३०० वॅटचा असता तर मीही दोन बेचा सर्क्युलरच सांगितला असता.

डोंगरवाट
ताई, एसडब्ल्यूआरच्या (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते सांगणाऱ्या मापाच्या, १ म्हणजे काहीच नाही) आकड्यावर भाळू नका, एवढं माझ्याकडून. आमच्या केंद्रावर अँटेना बसवणाऱ्यांनी १.४ दाखवला, आम्ही पेढ्यासारखा आकडा सगळ्यांना वाटला. सहा महिन्यांनी पल्ला निम्म्यावर आला, आकडा मात्र १.२! उलट सुधारला होता. शेवटी वर चढून कनेक्टर उघडला तर आतून पाणी गळालं. केबलची जाळी हिरवी पडली होती. ती ओली केबलच सगळी पॉवर पिऊन गरम होत होती. काही परत येतच नव्हतं, मग मीटर काय दाखवणार?

गणित सोपं आहे. वर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ आहे, म्हणजे चौथा हिस्सा परत फिरतो. केबल ३ डेसिबल खाणारी असेल तर जाताना निम्मं गेलं, परत येताना पुन्हा निम्मं. खालच्या मीटरला एसडब्ल्यूआर १.७ च्याही खाली दिसतो. तेव्हा अँटेना मोजायचा तर वर, त्याच्या बुडाशी मोजा. खालचा आकडा फक्त वहीत लिहून ठेवा. तो बदलला, सुधारला तरीही, की वर चढायचं.

सांजलहर
पोटात गोळा आला हे वाचून. कनेक्टर कोणता घ्यावा मग?

डोंगरवाट
एन-टाइप. जुना जाड पीएल-२५९ पाणी अडवत नाही. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात. त्यावर साधी काळी टेप, उन्हासाठी.

पारवा
एक अडाणी प्रश्न. ट्रान्समीटरच १०० वॅटचा घेतला तर?

जुना ट्रान्झिस्टर
प्रश्न अडाणी नाही, सगळ्यांच्या मनात तोच असतो. जमिनीलगतच्या पल्ल्यात सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने पडतो. म्हणून पॉवर दुप्पट केली तर पल्ला एकोणीस-वीस टक्केच वाढतो. अँटेनाची उंची दुप्पट केली तर तो चाळीस टक्क्यांनी वाढतो, आणि उंचीला महिन्याचं वीजबिल येत नाही. ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी बदलायचा.

अंदाज म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या लो-पॉवर एफएम वर्गात भोवतालच्या जमिनीपेक्षा ३० मीटर उंचीवरून १०० वॅट ईआरपीला ५.६ किलोमीटरची चांगली सेवा धरतात. भारतातल्या सामुदायिक रेडिओचा नियमही त्याच घरातला, साधारण १०० वॅट ईआरपी आणि जमिनीपासून ३० मीटरपर्यंत अँटेना. त्यापुढेही ऐकू येतं, पण घराच्या आतल्या खोलीत छोट्या सेटवर येईलच असं नाही.

शून्य डेसिबल
बोलण्याचेच कार्यक्रम जास्त असतील तर स्टिरिओ बंद करून मोनोवर चालवा. कडेच्या श्रोत्यांना खरखर २० डेसिबलहून जास्त कमी होते. एवढा फायदा कुठल्याही अँटेनाने मिळणार नाही, आणि त्यासाठी फक्त एक बटण दाबायचं आहे.

सांजलहर
हे कुणीच सांगितलं नव्हतं! आमचे नव्वद टक्के कार्यक्रम बोलण्याचेच आहेत.

काका, मग उभा डायपोल एक की दोन?

जुना ट्रान्झिस्टर
दोन. एकावर एक, मध्यबिंदूंमध्ये साधारण एका तरंगलांबीचं, म्हणजे तुमच्या फ्रिक्वेन्सीला ३ मीटरचं अंतर. ईआरपी ८० वॅटच्या घरात जाईल. प्रत्येक डायपोल साधारण १.४५ मीटर लांब येईल.

खांबाच्या टोकावर एकच बसतो, दुसरा बाजूलाच लावावा लागणार. मग दोन्ही बाजूलाच लावा. उभा लोखंडी खांब उभ्या डायपोलच्या शेजारी आला की तो आरशासारखं वागतो. पाव तरंगलांबी, म्हणजे ७५ सेंटिमीटर अंतर ठेवलंत तर खांबाच्या पलीकडे सिग्नल दबतो आणि अलीकडे दोन-एक डेसिबल वाढतो. इतरांना ही अडचण असते, तुम्हाला ती सोय आहे. कडा ज्या दिशेला आहे तिच्याकडे खांबाची पाठ करा. फक्त ते वाढलेले दोन डेसिबलही ईआरपीत मोजा, नाहीतर त्या दिशेला १०० च्या वर जाल. ट्रान्समीटर ३८-४० वॅटवर ठेवा, तोही थंड राहील.

डायपोलपासून निघणारी केबल आधी आडवी, खांबाकडे न्या आणि मग खाली सोडा. ती डायपोलच्या समांतर लोंबली तर तीही अँटेना बनते. दोन डायपोलना जोडणारे केबलचे दोन तुकडे एकाच रिळातले आणि अगदी सारख्या लांबीचे हवेत. ताणाच्या तारा लोखंडी असतील तर डायपोलच्या जवळच्या भागात मध्ये मध्ये चिनीमातीचे इन्सुलेटर घाला.

ट्रान्समीटरनंतर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आहे ना, तेवढं खात्री करून घ्या. तुमची दुसरी हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीची नको असलेली लहर, १९६.४ मेगाहर्ट्झवर पडते, ती टीव्हीच्या पट्ट्यात आहे. आणि १०८ च्या वर लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो. तिथे कणभरही सांडता कामा नये.

डोंगरवाट
माणसांचंही बघा. १०० वॅट ईआरपीला, सर्वसामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २ वॅट दर चौरस मीटर धरली तर मोकळ्यावर अडीच-पावणेतीन मीटरच्या आत ती ओलांडली जाते. गच्चीच्या परावर्तनाचा विचार करून चार-पाच मीटर धरा. खालचा डायपोल गच्चीवर वावरणाऱ्यांच्या डोक्यापासून तेवढा वर हवा. वर काम करायला कुणी चढला की ट्रान्समीटर बंद, आणि त्याच्या खोलीची किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. हा नियम आमच्याकडे कुणासाठीही मोडत नाहीत.

सांजलहर
(पाच आठवड्यांनंतर)
मंडळी, बसवलं सगळं, पण मन खट्टू आहे. दोन उभे डायपोल, अर्धा इंची केबल, एन-टाइप, टेप, अर्थिंग, केबलच्या वाटेत सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा), सगळं इथे सांगितल्याप्रमाणे केलं. आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, पॉवर जिरवणाऱ्या भारावर) ट्रान्समीटर तपासला. वर मोजलेला एसडब्ल्यूआर १.३ आला. आणि तरीही पल्ला नाही. इमारतीच्या आवारात आणि समोरच्या रस्त्यावर कडक येतं, दोन किलोमीटरवर शाळेपाशी मोनोमध्येसुद्धा खरखर. मीटरवाल्या रिसीव्हरवर शाळेपाशी जेमतेम २१ डेसिबल दिसले. गटातले लोक आता म्हणताहेत, चार बेचाच घ्यायला हवा होता.

जुना ट्रान्झिस्टर
घाई करू नका. जवळ कडक, लांब काहीच नाही, आणि एसडब्ल्यूआर उत्तम. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय एकाच ठिकाणी जातो. दोन्ही डायपोलची वरची दांडी कोणती ते पाहा. केबलची मधली तार ज्या दांडीला जोडलेली आहे ती दोन्हींमध्ये वरच हवी. एक उलटा लागला असेल तर क्षितिजाकडे जाणाऱ्या दोन लहरी एकमेकींना मारतात आणि सगळा जोर तिरका खाली, ३० अंशांवर उतरतो. तुमच्या उंचीवरून तो चाळीस मीटरवर, म्हणजे तुमच्या आवारातच पडतो. मीटरला यातलं काहीच दिसत नाही, त्याच्या दृष्टीने पॉवर व्यवस्थित बाहेर पडतेय.

ही सूचना मी आधीच लिहायला हवी होती. चुकलं माझं.

शून्य डेसिबल
काका, बहुतेक डायपोलच्या डबीवर बाण किंवा ठिपका असतो. दुर्बिणीने खालूनही दिसेल.

सांजलहर
डबीवर लाल ठिपका आहे. वरच्याचा आकाशाकडे, खालच्याचा जमिनीकडे!! बसवणाऱ्या मुलांना वाटलं केबल खालून येते तर डबीचं तोंड खाली बरं. त्यांची चूक नाही, आम्हीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी ट्रान्समीटर बंद करून चढणार आहेत.

डोंगरवाट
किल्ली खिशात!

सांजलहर
किल्ली खिशात होती :)

खालचा डायपोल सुलटा केला, तासाभराचं काम. शाळेपाशी २१ चे ४४ झाले. पाच किलोमीटरवरच्या दोन्ही वस्त्यांत मोबाइलवर घराच्या आत स्वच्छ येतंय. आठ किलोमीटरवर गाडीत एकदम छान, छोट्या सेटवर खिडकीपाशी येतं, आतल्या खोलीत नाही. कड्याच्या बाजूला दीड किलोमीटरनंतर फार पडतं, तिथे ऐकणारं कुणी नाही. ट्रान्समीटर ३९ वॅटवर आहे. खालचा एसडब्ल्यूआर १.२५, तारीख घालून वहीत लिहिला.

दुपारी पाच किलोमीटरवरून एका आजींचा फोन आला. तीन मिनिटं त्या फक्त 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' एवढंच म्हणत होत्या.

जुना ट्रान्झिस्टर
वा! फार बरं वाटलं. त्याच दहा जागा ठरवून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तोच रिसीव्हर घेऊन तिथले आकडे टिपा. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एक फेरी मारा. आणि केबल खोलीत शिरते तिथे खाली झोल सोडलाय ना, पाणी ठिबकून जायला?

सांजलहर
नव्हता सोडला, काका. केबल सरळ भोकातून आत घेतली होती. आत्ता जाऊन क्लॅम्प सैल केला आणि वीतभर झोल दिला. फोटो उद्या टाकते.